भागाबाईची तिथी

निंबाळखेड्यात माणूस आईच्या पोटी जन्माला यायचा खरा, पण त्याच्या जन्मावर लोकांचा विश्वास बसायचा तो लोटननानांच्या बुकात त्याचं नाव चढल्यावर. मरणाचंही तेच. सरण विझलं, राख सावडून झाली, तरी नानांनी बुक मिटून दौतीला बूच लावेपर्यंत मेलेला माणूस पुरता मेला असं कुणी धरत नसे.

लोटन तोताराम पाटील हे नरडाणा स्टेशनपासून दोन कोसांवरच्या या गावचे पोलीस पाटील. पाटीलकीची बाकीची कामं, म्हणजे साहेब मुक्कामाला आला की कोंबडी हजर करणं आणि कोंबडी चोरीला गेली की चोर हजर करणं, ती नाना हातासरशी उरकायचे. त्यांचा जीव होता तो जन्ममृत्यूच्या बुकात. गावातल्या एकाही बाईला नानांसमोर आपलं वय चोरायची सोय नव्हती. मुलगी पाहायला आलेले पाहुणे आधी नानांच्या ओट्यावर येऊन बुक पाहायचे, आणि मग मुलगी. एकदा तर वाटणीच्या भांडणात आपणच थोरले म्हणून छाती ठोकणाऱ्या भटूला नानांनी बुक उघडून धाकटा करून परत पाठवला होता. पन्नाशीत माणसाला असं अचानक धाकटं व्हावं लागणं सोपं नसतं. भटू आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

मरणाच्या कारणाचा रकाना तेवढा नानांना त्रास द्यायचा. पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, इजा आणि इतर, एवढीच कारणं सरकारला मान्य होती. त्यात 'इतर' लिहिलं की तालुक्याचा कारकून खुलासा मागायचा. म्हणून नाना बहुतेकांना ताप देऊन मोकळे व्हायचे. रुपचंद निंबाच्या झाडावरून पडून मेला, तोही बुकात तापानेच गेला. "पडल्यावर अंग तापलं होतं की नाही?" असं नाना विचारायचे. तापलं होतं, हे कुणालाच नाकारता येत नसे. "मग? बुकात खोटं काहीच नाही."

बुकात खोटं काहीच नाही, हा नानांच्या आयुष्याचा टेकू होता. एकोणीसशे अडतीस सालच्या भाद्रपदात तो सरकला.

त्या दिवशी नरडाण्याचा पोस्टमन नूर महंमद सायकल हातात धरूनच ओट्यापाशी आला. पाकीट त्याने लगेच दिलं नाही. आधी उलटंसुलटं करून स्वतः पाहिलं, मग नानांना दाखवलं.

"नाना, हे बघा. तिकिटावर राजा आपलाच आहे, पण त्याच्या शेजारी होडी काढलीय. आपल्या राजाला होडी कुठून आली?"

"दे इकडे. सरकारी असेल."

"सरकारी नाही. हे समुद्रापलीकडचं आहे. पोस्टमास्तर म्हणाले, फिजी. मी बावीस वर्षं टपाल वाटतोय, धुळ्याच्या पलीकडून या गावाला कधी पत्र आलेलं नाही."

तो निघून गेला आणि नाना चष्मा लावून बसले. पत्र हिंदीत होतं, अक्षर टपोरं, बाळबोध. सुरुवातच 'पूज्य लोटन काकाजी' अशी. नानांनी पत्ता पुन्हा तपासला. गाव बरोबर, स्टेशन बरोबर, जिल्हा पश्चिम खान्देश बरोबर. पण हिंदीत काकाजी म्हणणारं माणूस नानांच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं.

लिहिणारीचं नाव इंदिरा. तिने लिहिलं होतं की, माझे वडील पुना गेल्या वर्षी इथे, या बेटावर वारले. त्यांच्यामागे मला माझ्या घराण्याची वंशावळ लिहून काढायची आहे. वडील गावाबद्दल फार बोलत नसत, म्हणून मी इथल्या सरकारी नोंदणी कचेरीत जाऊन कागद काढले. एक त्यांच्या मृत्यूचा, एक लग्नाचा, आणि एक ते उसाच्या मळ्यावर पाच वर्षांच्या करारावर आले तेव्हाच्या परवान्याचा. परवान्यावर गाव निंबाळखेडं लिहिलेलं आहे. आणि जवळचा नातेवाईक कोण, या रकान्यात लिहिलं आहे: लोटन, भाऊ.

नानांनी पत्र मांडीवर ठेवलं.

पुना तर मेला होता. नुसता मेला नव्हता, बुकात मेला होता. सव्वीस वर्षांपूर्वी. आणि पुनाची विधवा भागाबाई या घडीला मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती, कारण गेली चोवीस वर्षं ती लोटननानांची बायको होती.

नाना उठले. आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडून त्यांनी एकोणीसशे बाराचं बुक काढलं. मोडीतलं ते अक्षर त्यांचंच, तरुणपणीचं, शेपट्या जरा जास्तच झोकदार. माघ महिना. पुना, वय सव्वीस. कारण: ताप. आणि शेवटच्या रकान्यात, खबर देणाऱ्याचं नाव: खुद्द पोलीस पाटील.

नाना बुक उघडंच ठेवून पेटीवर बसले.

झालं होतं ते असं. पुना आणि लोटन एका वयाचे, शेताला शेत लागून. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून दोघं सावड करून एका औताला जुंपायचे; औतही एक, शिव्याही एक. पुना भुसावळला रेल्वेच्या कामावर चार महिन्यांसाठी म्हणून गेला आणि आला नाही. पुढच्या वर्षी जळगावकडून फिरत आलेल्या हाशम बांगडीवाल्याने सांगितलं की पुनाला मी प्लेगच्या झोपड्यांत पडलेला पाहिला, आता तो कुठला वाचतो. पुनाची आई ताईबाई ऊर बडवून मोकळी झाली. प्रेत नाही, राख नाही. मग गावच्या जोशाने सांगितलं तसं पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला नारळाचं डोकं लावलं आणि नदीकाठी विधीपूर्वक जाळला. भागाबाईने तिथेच दगडावर बांगड्या फोडल्या. वीस वर्षांची होती.

लोटन तेव्हा नवा पाटील. नव्या पाटलाला नियम फार आवडतात. स्मशानातून धूर निघाला की चोवीस तासांत नोंद, असा त्याने स्वतःच नियम काढलेला. धूर निघाला होता. त्याने नोंद केली; प्लेग लिहिला की वरून चौकशी यायची, म्हणून ताप लिहिला. पानांच्या पुतळ्याला ताप कसा आला, हे विचारण्याइतकी अक्कल त्या वेळी गावात कुणालाच नव्हती, आणि पाटलाला तर पाटील झाल्यामुळे मुळीच उरली नव्हती. दोन वर्षांनी पंचांनी बुक पाहिलं, पुना मेल्याची खात्री केली आणि बिजवर लोटनशी भागाबाईचा पाट लावून दिला. तीन मुलगे झाले, एक मुलगी झाली. सगळ्यांच्या नोंदी वेळेवर.

आता हे पत्र म्हणत होतं की पाट लागला त्या दिवशी पुना फिजीत ऊस तोडत होता.

पाट खोटा. चारही पोरं पंचांच्या लेखी कुणाची, देव जाणे. पण खरा धक्का त्याच्या पलीकडे होता. भागाबाई काय म्हणेल? ती म्हणेल, तुम्हाला मी हवी होते, म्हणून तुम्ही त्याला मारलंत. भुसावळला जाऊन चौकशी करायला एक दिवस लागला असता, आणि गाडीचं तिकीट काही हत्तीच्या मोलाचं नव्हतं. तुम्ही का गेला नाहीत? आणि याचं उत्तर नाना शोधू लागले तेव्हा त्यांना ते लवकर सापडेना. सापडलं तेव्हा आवडेना. सावडीच्या दिवसांत भागाबाई बांधावर भाकरी घेऊन यायची, ते काही ते विसरले नव्हते.

आणि तिकडे पुनाने परवान्यावर लिहून ठेवलं होतं: लोटन, भाऊ.

पत्राचा पुढचा भाग नानांनी वाचलाच नाही. पाकीट पेटीत, पेटीला कुलूप, जानवं नाही म्हणून किल्ली करदोट्याला. पुढचे चार दिवस पोलीस पाटील गावात भूत लागल्यासारखे हिंडले. कोतवाल एका जन्माची खबर घेऊन आला, तर नाना त्याच्यावर ओरडले, "जन्मला हे तू डोळ्यांनी पाहिलंस का?" कोतवाल म्हणाला, "नाना, ते पाहायला आपल्याला कोण जाऊ देणार?" भाजीत मीठ नव्हतं तर नाना बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी भागाबाईने मुद्दाम दुप्पट घातलं, तेही मुकाट्याने खाल्लं.

चौथ्या दिवशी तिने ताट वाढलं नाही. समोर येऊन बसली.

"कोन मरनं?" तिने विचारलं.

"कोणी नही."

"मंग तुमनं त्वांड काबर उतरेल शे? नूर महंमद बठ्ठा गावले सांगी ऱ्हायना, पाटीलले समुद्रपारनं पाकीट ऊनं. गावले माहीत, माले माहीत नही. वाचा."

"सरकारी शे."

"सरकारी कागद तुम्ही ओट्यावर बशीसन मोठ्याघाई वाचतस, बठ्ठं गाव गोळा व्हवालोंग. ह्यो कागद करदोट्याले बांधेल शे. वाचा."

नानांनी पेटी उघडली. न्यायाधीशासमोर कबुली द्यावी तसं उभ्या उभ्याच वाचलं. फिजी बेट, पुना, परवाना, लोटन भाऊ. आधी वाचलं होतं तिथवर आले आणि थांबले. भागाबाईकडे पाहायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय हलले नाहीत.

"म्हनजे तो जित्ता व्हता," भागाबाई म्हणाली.

"व्हता."

"आनि तुम्ही लिखं, मरना."

"लिखं." नानांनी पत्राची घडी केली. "भागा, माले चौकशी कराले पाहिजे व्हती. मी नही करी. पुतळा जळना आनि मी लिखी टाकं. तू माले जे म्हनशी ते..."

"आनि माले?" तिने त्यांना मध्येच तोडलं. "मन्हाबद्दल काय लिखेल शे तठे? चार साल त्यान्हा संसार करा मी. मन्हं नाव कोठे शे का नही?"

नानांनी उरलेलं पत्र उलगडलं. हा भाग ते स्वतःही पहिल्यांदाच वाचत होते. इंदिरेने लिहिलं होतं की वडिलांनी एकोणीसशे पंधरा साली माझ्या आईशी इथे लग्न केलं. लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे विधुर असं लिहिलं आहे. पहिली पत्नी भागाबाई, मुलुखात तापाने मृत्यू, साल एकोणीसशे बारा. त्या माझ्या बडी माँ. त्यांचं तोंड मी पाहिलं नाही, पण वडिलांच्या बरोबरीने दर वर्षी त्यांचंही श्राद्ध करावं अशी माझी इच्छा आहे. इथल्या नोंदीत फक्त साल आहे. आपल्या गावच्या बुकात पाहून बडी माँच्या मृत्यूची तिथी कळवली, तर मुलीवर उपकार होतील.

वाचता वाचता नानांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो त्यांनी वर केला नाही.

भागाबाईचं तोंड उघडं राहिलं. माशी गेली असती तरी कळलं नसतं. मग तिने स्वतःच्या मनगटाला चिमटा काढला. नानांनी स्पष्ट पाहिलं.

"मी मरी गयू?"

"तठलं सरकार म्हनस."

"तापनी?"

"तापनी."

"मेल्या पुना!" भागाबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातली कोंबडी उडाली. "माले एक डाव साधी सर्दी व्हयनी नही आनि त्यानी माले तापनी मारी टाकं! मी आठे त्यान्हा नावनं रडी रडी डोळा फोडी ऱ्हायनू, आनि त्यो तठे मन्हं मडं दाखाडीसन बाशिंग बांधस! लाज नही वाटनी? पटकी तरी लिखाडती, पटकीम्हा मानूस लवकर तरी जास!"

नवऱ्याच्या आयुष्यात असे काही क्षण येतात, जेव्हा आपल्यापेक्षा मोठा गुन्हेगार सापडलेला असतो. अशा वेळी श्वाससुद्धा हळू घ्यावा, एवढा व्यवहार नानांना होता.

ती उठली, माठातलं पाणी प्यायली, परत आली. रागाचा जोर ओसरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. ती भिंतीला टेकून बसली. नानांना वाटलं, आता येतंय. आता ती विचारील, तुम्ही भुसावळला का गेला नाहीत.

"ती पोर," भागाबाई म्हणाली, "दर साल मन्हा नावना पिंड ठेवनार व्हती?"

"तसं लिखेल शे."

"मन्ही पोटनी पोर माले कव्हय ईचारत नही, माय तू जेवनी का. आनि ही समुद्रपारनी पोर मेलेल सावत्र मायले जेवाडाले निंघनी." तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा रागावली, पण आता हळू. "लिखा जवाब."

"काय लिखू? तिथी?"

"तिथी कसानी? मी आठे बशेल शे ना! लिखा, तुन्ही मोठी माय जित्ती शे. पिंड ठेवू नको. चिठ्ठी टाकत जाय."

नानांनी कागद घेतला, टाक बुडवला आणि थांबले. "भागा, तू जित्ती शे असं लिखं, ते तिन्हा बाप खोटारडा ठरस. आनि तिन्ही मायनं लगीन..."

"माले कळस. मी काय दूधखुळी शे?" ती थोडी पुढे सरकली. "मंग लिखा, तुन्हा बापले आठेनी खबर चुकीनी मियनी व्हती. कोनी सांगं व्हई, बायको मरनी. तुन्हा बापनी चूक नही."

"हे खोटं शे." नानांनी टाक खाली ठेवला. त्यांच्या अंगातला पाटील अशाही वेळी मेला नव्हता. "खबर कोणी दिधी? कव्हय दिधी? असं लिखता येत नही."

भागाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. या चार दिवसांत पहिल्यांदाच नानांनी नजर वर उचलली, आणि ती खाली घ्यायला आता उशीर झाला होता.

"तुमले बी चुकीनी खबर मियनी व्हती ना?" ती म्हणाली. "का तुम्ही जानीबुझी लिखं?"

बाहेर कुणीतरी बैलांना हाकत होतं. ते बैल जाईपर्यंत दोघं तसेच बसले.

"माले नही मालूम, भागा," नाना शेवटी म्हणाले. "जानीबुझी लिखं नही. पन चौकशी बी करी नही. काबर करी नही, ते माले आज बी कोणले सांगता येवाव नही."

"मंग त्याले बी सांगता येतं नही," भागाबाई म्हणाली. "दोनजन एकच औतना. एकनी त्याले मारं, एकनी माले मारं. मी बांगड्या येळवर फोड्यात, त्याले मराले उशीर व्हयना, त्याम्हा मन्हा काय दोष? आनि त्या पोरना काय दोष? दोन्ही बाजूले चुकीनी खबर गयी, असंच लिखा. त्यान्हावर माया व्हती मन्ही. पन चोईस साल मी आठे भाकरी करी ऱ्हायनू, त्याले कोनता रकाना शे तुमन्हा बुकम्हा?"

नानांनी टाक उचलला. पत्र लिहायला तीन तास लागले, कारण एका वाक्याला भागाबाई हो म्हणायची आणि दुसऱ्याला रडायची, आणि रडलेलं वाक्य नानांना हिंदीत घालता यायचं नाही. पुनाच्या आईचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, सगळ्यांच्या तारखा, बुकात होतं तेवढं सगळं त्यांनी पोरीच्या वंशावळीसाठी उतरवून दिलं. शेवटी तिने सांगितलं ते लिहिलं. दोन्हीकडे चुकीची खबर गेली. बडी माँ जिवंत आहे.

मग त्यांनी एकोणीसशे बाराचं बुक ओढलं. भागाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पाटीलकी जाई." नाना म्हणाले, "जाऊ दे." पुनाच्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'सदर इसम वरील तारखेस हयात होता. पुतळ्याचे दहन पाहून नोंद केली गेली. पुढे पंचवीस वर्षांनी फिजी बेटी मयत. चूक पोलीस पाटील याची.' खाली पूर्ण सही केली आणि तालुक्याला पाठवायची नक्कलही केली. सहीच्या शेपटीत या वेळी झोक नव्हता.

सोमवारी बाजाराच्या निमित्ताने दोघं नरडाण्याला गेली. पोस्टमास्तरांनी पत्र तोललं, दोनदा पुस्तक चाळलं आणि तिकिटांचा मोठा पट्टाच पाकिटावर चिकटवला. नानांनी पाकीट टपालपेटीत टाकलं आणि ते खरंच आत पडलं का, हे पाहायला फटीतून वाकून बघितलं.

"जवाब कव्हय ई?" भागाबाईने विचारलं.

"जहाजनी वाट. दोन-अडीच महिना जावाले, तितलाच येवाले."

"आनि तवलग मी खरंच मरी गयू ते? पोर म्हनी, लोटन काका बी खोटं लिखस."

नाना चालता चालता थांबले. डोक्यावरून टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं, आणि टोपी परत घालायचं विसरून हातातच धरून ठेवली.

"तसं व्हयनं ते पोरले मी कळाडसू," ते म्हणाले. "पन बुकम्हा लिखाले दुसरा पाटील देखजा. मन्हा हातनी ती नोंद व्हनार नही."

भागाबाईने त्यांच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. मग बाजाराची पाटी डोक्यावर घेऊन ती पुढे चालू लागली.